वहिनी, खाल्लंत की नाही?

"आलात का वहिनी? मला वाटलं, जावयानं तिकडंच ठेवून घेतलं तुम्हाला."

"कुठलं ठेवून घेतोय, भाऊजी! परवा रात्री उतरले मुंबईला. झोप अजून ब्युनोस आयर्सलाच आहे. पहाटे तीनला टक्क जाग येते आणि भरदुपारी डोळे मिटतात."

"बाकीचं राहू द्या. आधी एवढंच सांगा..." भाऊजींनी वळून आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा अंदाज घेतला. "ते खाल्लंत की नाही?"

"ते म्हणजे?"

"आता नाव कशाला घ्यायला लावता? स्टेक हो."

"ते मागाहून. आधी समोरच्यांकडचं सांगा. मी नसताना म्हणे गच्चीवर मोठी पार्टी झाली. स्टेक काय, वाइन काय!"

"झाली की. अमेरिकेतला मुलगा आलाय ना. मांस म्हशीचं. आपल्याकडं गाय आधीच बंद होती, २०१५ मध्ये बैलही बंद झाला, म्हैस तेवढी उरली. त्यावर हिरव्या मिरचीचा सॉस. आणि वाइन कुठली, तर बैठकीच्या काचेच्या कपाटात शोभेला उभी ठेवलेली कॅबर्ने सोव्हिन्यों. किंमत तीन वेळा सांगितली त्यांनी. दिवसभर ऊन खाऊन बाटली कोमट झालेली. पहिल्याच घोटाला माझ्या कानातनं धूर निघाला."

"निघणारच. आधीच मिरची, त्यावर ती तुरट वाइन. दारूनं तिखट आणखी भडकतं. आणि कोमट! 'रूम टेम्परेचर' म्हणजे युरोपातल्या जुन्या गार घरांतलं टेम्परेचर, नाशिकचा एप्रिल नव्हे. लाल वाइन सोळा ते अठरा अंशांवर प्यावी. आपल्याकडं अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग उघडायची."

"वहिनी! गेलात तेव्हा सरबत पिणाऱ्या होतात तुम्ही."

"शेजार भाऊजी, शेजार. लेकीच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. बायको वारली, मुलं स्पेनमध्ये. दर रविवारी गच्चीवर त्यांची पारिशा पेटते, म्हणजे मांस भाजायची लोखंडी जाळी. आणि तिसऱ्या मजल्यावरची एक बाई दर रविवारी सॅलड घेऊन हजर. सॅलड बघितलंय मी, दोन टोमॅटो आणि एक कांदा. तेवढ्यासाठी लिपस्टिक कशाला लागते हो?"

"आजोबांचं काय म्हणणं?"

"आजोबा सॅलडला हात लावत नाहीत, पण तिचा पेला रिकामा राहू देत नाहीत. समजून घ्या. बरं, भाजणं मात्र बघत राहावं. केब्राचो नावाचं दगडासारखं लाकूड असतं. ते बाजूला पेटवायचं, आणि निखारे पडले की तेवढेच ओढून जाळीखाली सारायचे. ज्वाळ मांसाला लागू द्यायची नाही. मसाला नाही, वाटण नाही, जाडं मीठ तेवढं. दोन-दोन तास माणूस तिथंच उभा. मी सुरुवातीला म्हटलं, फोडणी नाही, आलं-लसूण नाही, हे गिळायचं कसं? पण पानात आलं की सगळे भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात. चाळीस वर्षं स्वयंपाक केला मी, कुणी एक टाळी वाजवली नाही."

"वाजवू की आम्ही. पण तुम्ही..."

"मला आधी प्रोव्होलेता दिलं. चीजची जाड चकती, ओरेगानो भुरभुरून जाळीवर भाजलेली. त्याबरोबर माल्बेक. तिथं अडकले मी."

"माल्बेक म्हणजे मूळची फ्रान्सची. काओर गावची."

"हेच तर आजोबांसमोर बोलायचं नाही! जावई बोलून गेला, तर त्यांनी सबंध इतिहास काढला. सार्मिएन्तो नावाचे त्यांचे मोठे पुढारी, पुढं राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आग्रह धरला. पुजे नावाच्या फ्रेंच शेतीतज्ज्ञाला बोलावलं, आणि १८५३ मध्ये मेंदोसाला शेतीची शाळा आणि रोपवाटिका काढायचं ठरलं. त्या खटाटोपातनं फ्रेंच वाणांची कलमं आली, त्यात ही. १७ एप्रिल हा आता माल्बेकचा दिवस म्हणून पाळतात."

"आणि काओरवर काय वेळ आली, ते सांगितलं का? आधी फिलॉक्सेरा, मुळांवरची कीड. त्यातनं सावरतायत तोवर १९५६च्या फेब्रुवारीत असा गारठा पडला की बहुतेक वेली मेल्या. पोरगी माहेरी मरायला टेकली आणि सासरी राणी झाली, असं झालं ते."

"आजोबांना कळवते हे. मेंदोसालाही जाऊन आलो आम्ही. पाऊस जेमतेम, सगळी शेती अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर. रस्त्याच्या कडेनं पाट वाहतात. भाऊजी, तुमची आठवण आली ती जाळ्या बघून. गारपिटीसाठी सबंध मळ्यांवर जाळ्या ताणलेल्या!"

"जाळ्या!" खात्यातनं निवृत्त होऊनही भाऊजींचा जीव द्राक्षबागेतच. "इथं मार्चात गारा पडल्या की वर्षाचं पीक मातीत. किती उंचीवर आहेत बागा?"

"उको खोऱ्यात हजार-बाराशे मीटर, काही त्याहूनही वर."

"मग रंग येणारच. उंचावर ऊन कडक, म्हणून साल जाड होते. रात्री गार, म्हणून आंबटपणा टिकतो. आपण सहाशेच्या आसपास. म्हणून तर एप्रिलात खरड छाटणी, नंतर गोडी छाटणी, आणि वाइनचा माल थंडीच्या तोंडावर पिकायला घालायचा. वर्षात दोनदा कात्री. तिकडं एकदाच असेल."

"एकदाच. मी विचारलं, तर मळ्यातला एक पोरगा म्हणाला, दोनदा छाटता? वेली संपावर जात नाहीत?"

"बरं, पण स्टेकबरोबर लालच का? पांढरी का नाही?"

"हे तुम्हीच नीट सांगाल. तुरटपणाचं काहीतरी म्हणाले आजोबा."

"टॅनिन. सालीतलं, बियांतलं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. कोरा चहा घ्या, जीभ आखडते. त्यात दूध घाला, तुरटपणा मवाळ होतो. कारण टॅनिनला धरायला दुधातली प्रथिनं मिळाली. मांसाचंही तेच, वर चरबी आणि मीठ आहेच मदतीला. घास, घोट, घास, घोट, असं चालतं. पांढरीत ते टॅनिन नावापुरतं."

"अस्सं! म्हणून आजोबा बाटलीआधी मांस बघायचे. ओहो दे बिफे आणलं, बरगडीजवळचं, मधे चरबीच्या रेघा असलेलं, की तुरट कॅबर्ने काढायची. लोमो असलं तर नाही. ते मऊ, पण कोरडं, चरबीच नाही. त्याला पातागोनियातली पिनो न्वार. आणि एंत्रान्या म्हणून डायफ्रॅमजवळची पातळ पट्टी असते, तिला माल्बेक. जावयानं एकदा पूर्ण शिजलेलं मागितलं. आजोबांनी असं बघितलं त्याच्याकडं, की लेकीला सोडून द्या म्हणतात की काय असं वाटलं मला. निमूट दिलं, पण पेल्यातली वाइन बदलली. रस आटलेल्या मांसाला जास्त तुरट वाइन दिली की दोन्ही तोंडात भुसा होतात, म्हणाले."

"आणि चिमीचुरी? ती म्हणे सगळ्यावर ओततात."

"कोण म्हणालं? समोरचा मुलगा? सॉसेजच्या पावात घालतात ती. चांगल्या मांसावर ओतलीत तर पारिशेवरून उठवतील. व्हिनेगर असतं त्यात, वाइनची चव घालवतं."

"युरुग्वेचं काही ऐकलंत? तिकडं तानात म्हणून..."

"नका विचारू. लेकीचा एक सहकारी मोन्तेविदेओचा. नदीच्या पलीकडचाच की हो. आला तो तानातची बाटली घेऊन, म्हणे मांसाला हीच खरी. हारियागे नावाच्या बास्क माणसानं एकोणिसाव्या शतकात लावली, म्हणून आमच्याकडं त्याच्याच नावानं ओळखायचे, असं सांगत बसला. आजोबांनी एक घोट घेतला, ओठ मिटले आणि म्हणाले, छान आहे, पण मला माझे दात हवेत. खरं सांगू? चरबीच्या तुकड्याबरोबर ती मला माल्बेकहून आवडली. बोलले मात्र नाही. घर त्यांचं."

"म्हणजे खाल्लंत! चरबीचा तुकडा म्हणालात!"

"भाऊजी, हळू!"

"सापडलात."

"एक तुकडा. आजोबांनी काट्याला टोचून समोर धरला, सगळे बघतायत, नाही कसं म्हणू? मग दुसरा मीच घेतला. आता आमच्या सासूबाईंच्या फोटोकडं बघायचं धाडस होत नाही. तुमच्या घरात बोललात तर याद राखा."

"नाही बोलत. पण फुकट गप्प बसत नाही मी."

"आणलीय बाटली तुमच्यासाठी. पण एक सांगते. आजोबा स्वतः काय पितात माहितीये? साधी टेबल वाइन, त्यात सायफनमधला सोडा फुस्सकन मारून, उन्हाळ्यात वर बर्फही. म्हणे १९७० च्या आसपास आमच्याकडं माणशी वर्षाला ९० लिटर खपायची, ती काय पेला फिरवून-हुंगून खपली? महागातली पाहुण्यांसाठी. "

"हे समोरच्यांना ऐकवा."

"ऐकवणारच. म्हशीच्या मांसात चरबी कमी, त्याला आपल्याकडचीच तरुण, फळाळ शिराझ गार करून दिली असती तर निम्म्या पैशात काम झालं असतं. सॉसमधली मिरची आधी काढायची."

"आमच्याकडं रविवारी मटण आहे. काळ्या मसाल्याचं."

"मग माल्बेक त्या दिवशी उघडू नका. वाया जाईल. मटणाबरोबर ताक प्या. माल्बेक शनिवारी काढा, चॉप्स नुसतं मीठ लावून तव्यावर टाका आणि..."

"नुसतं मीठ? ही घरातनं हाकलेल मला."

"मग इकडं या. आमच्या तव्याला कुणाची हरकत नाही. आणि येताना घरच्यांच्या कानावर घालत या, समोरची पोरगी म्हणे लग्नाला नाही म्हणालीय."

"कधी?"

"पार्टीतच. तुम्ही सॉस खाण्यात होतात."