नगरच्या बाजारपेठेतील अन्नसेवन : काही निरीक्षणे

केवळ खाण्यासाठी घराबाहेर पडणे ही मोठ्या शहरांची रीत असली, तरी अहिल्यानगरच्या, म्हणजे बोलण्यात अजूनही नुसत्या नगरच्या, माळीवाडा, कापड बाजार, चितळे रस्ता आणि दिल्लीगेट या जुन्या टापूत हॉटेलात शिरणाऱ्या माणसाकडे दुसरे काहीतरी काम असावेच लागते, असे सूक्ष्म अवलोकनाअंती दिसते. हे काम कोर्टातल्या तारखेचे, दवाखान्याचे, सुटलेल्या किंवा सुटतच नसलेल्या एसटीचे असू शकते. खाणे हे त्याचे परिशिष्ट होय, आणि परिशिष्ट मूळ ग्रंथापेक्षा जाड झाल्याची उदाहरणे विपुल आहेत.

या कामांत अग्रमान बस्त्याचा. बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची एकत्रित खरेदी. त्यासाठी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कापड बाजारातल्या गादीवर मांडी ठोकून बसतात आणि नवरीच्या साडीविषयी नवरी सोडून सर्वजण मत देतात. बस्ता बांधून झाल्यावर मंडळींना खाऊ कोणी घालायचे, याचे कलम याद्यांत, म्हणजे लग्न ठरताना होणाऱ्या देण्याघेण्याच्या लेखी करारात, सहसा नसते. त्यामुळे हॉटेलच्या गल्ल्यापाशी दोन व्याही बिल देण्यासाठी एकमेकांचे हात धरतात, आणि त्या आग्रहात दोघांपैकी कोणाचाच हात खिशापर्यंत पोहोचू नये, एवढी दक्षता मात्र दोघेही घेतात.

जिल्ह्याचा भूगोलही याच टेबलांवर वाचता येतो. उत्तरेकडे प्रवरा-मुळेच्या कालव्यांखाली ऊस पिकतो, आणि तेथेच लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. दक्षिणेकडील पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके मात्र ज्वारी-बाजरीचे आणि आभाळाकडे डोळे लावून बसणारे. नगर या दोहोंच्या मध्ये वसलेले असल्याने त्याच्या रश्श्यात दक्षिण आणि चहात उत्तर उतरते. मिसळ, म्हणजे मोडाच्या मटकीच्या उसळीवर फरसाण व कांदा पसरून वर ओतलेला तिखट रस्सा, खाणाऱ्याच्या घशाला अवर्षणाची प्रचिती देते, तर तिच्यावरचा चहा साखरेच्या अतिरिक्त उत्पादनाचा प्रश्न यथाशक्ति सोडवतो.

या चहाची चिकित्सा करण्याचा अधिकार असलेला एक थोर रसिक शहरात राहूनही गेला. मौलाना अबुल कलाम आझाद ऑगस्ट १९४२ पासून अडीच वर्षांहून अधिक काळ येथील भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ते भल्या पहाटे उठून स्वहस्ते केलेला चिनी चहा पीत, आणि तेथेच पत्ररूपाने लिहिलेल्या 'गुबार-ए-खातिर' या उर्दू ग्रंथात त्यांनी चहाविषयी विस्ताराने विवेचन करून दुधाच्या मिश्रणाचा कडक निषेध केला आहे. बाजारपेठेने या मताची दखल आजतागायत घेतलेली नाही, आणि तिच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, कारण तिच्या गिऱ्हाइकाला अर्ध्या कपात भूक, थकवा आणि व्याह्यांचा राग या तिन्ही गोष्टी मारून गाडी गाठायची असते. चहाकडे निव्वळ चहा म्हणून पाहण्याइतकी सवड या शहरात ज्या एका अभ्यासकाला लाभली, त्याला ती इंग्रज सरकारने सक्तीने दिलेली होती.