सरासरी साठ

कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला तर घरात फारसा वाद होत नाही. दुरुस्त करायचा की भंगारात द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. वाद पेटतो तो मधूनच अडकणाऱ्या कॉम्प्युटरवरून. गेममधली गाडी सुसाट निघालेली असते, अर्धा सेकंद सगळं जग थिजतं, आणि पुन्हा हलायला लागतं तेव्हा गाडी विजेच्या खांबावर चढलेली असते. शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांना दिसतो तो फक्त खांब. पोराला गाडी चालवता येत नाही आणि खापर मात्र यंत्रावर फोडतो, असं त्यांचं मत तिथेच कायम होतं.

आमचा पेणचा कॉम्प्युटर रोह्याला भाच्याकडे गेला आणि अडकायला लागला. भाच्याचा फोन आला, "मामा, तुझ्याकडे असताना अडकायचा का रे?" प्रश्न निरागस, पण त्याच्या मागे बहीण उभी आहे आणि ती ऐकते आहे, हे मला फोनवरूनही कळलं.

यंत्र तसं खानदानी. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. म्हणजे २०१४च्या आसपासचा ऐवज. त्याच्यावर क्रिकेट ०७ बिनतक्रार चालायचं. २००६ साली आलेला हा गेम आपल्याकडची पोरं नव्या टीम आणि नव्या जर्सी भरून अजून खेळतात. पण भाच्याचा जीव जीटीए फाइव्हवर. तो कॉम्प्युटरवर आला एप्रिल २०१५मध्ये. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम हवी आणि शिफारस ८ जीबीची, असं कंपनीनेच सांगितलेलं. आमच्या यंत्राकडे आठ होती. निदान पेणहून निघताना तरी होती.

रोह्यात कारणांचा तुटवडा नव्हता. भाच्याच्या आजोबांचं म्हणणं, व्होल्टेज. संध्याकाळी पंखा हळू फिरतो, तसा कॉम्प्युटरही हळू चालत असणार. ऐकायला हे इतकं पटतं की खोडून काढायला जिवावर येतं. पण कॉम्प्युटरच्या पोटात जो पॉवर सप्लाय असतो, तो बाहेर वीज थोडी खालीवर झाली तरी आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट ठरल्याप्रमाणे देत राहतो. अगदीच जमेनासं झालं की यंत्र बंद पडतं किंवा पुन्हा सुरू होतं. पंख्यासारखं मंदावणं त्याला माहीत नाही. धाटावच्या कारखान्यात उभी हयात काढलेले शेजारचे काका प्रत्येक बिघाडाचं मूळ हवेत शोधतात, तसं त्यांनी याचंही शोधलं. मित्रांनी नेट स्लो असल्याचं सांगितलं. भाचा मात्र कथेचा भाग एकट्याने खेळत होता आणि त्याला नेटशी देणंघेणं नव्हतं. बाजारातल्या दुकानदाराने यंत्र लावलं, दहा मिनिटं चालवलं, ते एकदाही अडकलं नाही. अडकणार कसं, त्याने गेम चालूच केला नव्हता. तरी निदान तयार होतं: "फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो." फॉरमॅट या औषधाला पथ्य नाही आणि रोग ठरवायचीही गरज नाही. फक्त भाच्याने कित्येक रात्री जागून केलेली गेममधली कमाई त्यात गेली असती, म्हणून तो कॉम्प्युटर उचलून घरी घेऊन आला.

मी एका रविवारी मेमूने रोहा गाठलं. जाण्याआधी भाच्याला एक काम सांगून ठेवलं होतं: वहीत लिही, केव्हा अडकतो. मास्तरकी वाटेल, पण "कधीही अडकतो" ही तक्रार लिहायला घेतली की ती कधीहीची राहत नाही. वही पाहिली तर दोन वेगळी दुखणी एकाच नावाखाली नांदत होती. एक, खेळायला बसल्यावर अर्ध्या तासाने सुरू होणारं आणि मग न थांबणारं. दुसरं, पहिल्या मिनिटापासूनचं, पण गाडी जोरात हाकली तरच. पायी फिरताना जवळजवळ नाही, आणि एका जागी उभं राहिलं तर मुळीच नाही.

अर्ध्या तासाचं दुखणं उष्णतेचं. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. थोडा निवला की पुन्हा वाढवतो, पुन्हा तापतो. कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते, तिच्या फटींतून हवा जायला हवी. तिथे पांढऱ्या धुळीचा थर बसून जणू गिलावा झाला होता. पेणला आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे हा सगळा पट्टा वर्षभर मूर्ती घडवतो. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने घासतात तेव्हा प्लास्टरची जी भुकटी उडते, ती ज्याला सापडत नाही असं ठिकाण गल्लीत नाही. भाच्याने आत वाकून पाहिलं. "मामा, ह्यात अर्धा गणपती आहे." आम्ही तो रंगाच्या ब्रशने हलक्या हाताने बाहेर काढला, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसली आणि नवी लावली. अर्ध्या तासाचं दुखणं तिथेच संपलं.

जोरात गाडी हाकण्याचं दुखणं उरलं. टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक केलं तर तिथे लिहिलेलं: ४ जीबी. दोन खाचांपैकी एकच वापरात. चार जीबी गेले कुठे, याचं उत्तर रस्त्यात होतं. हा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीने रोह्याला आला होता. पेण, वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंडीतून रोहा. त्यातला पनवेल ते इंदापूर या महामार्गाचा टप्पा २०११पासून रुंद होतो आहे आणि आमच्याकडची एक पिढी त्या रुंदीकरणातच वयात आली. त्या प्रवासात रॅमची एक पट्टी खाचेत जरा उचकटली असावी, आणि तिचे सोनेरी दात कोकणच्या दमटपणाने आधीच काळवंडलेले. यंत्राने कुरकूर न करता अर्ध्या मेमरीवर संसार चालू ठेवला. किमान चार लागते, चार होती. चालत तर होतं!

अशा वेळी भारतातला कुठलाही कॉम्प्युटरवाला जे करतो तेच केलं: पट्टी काढली आणि भाच्याच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने तिचे दात घासले. या उपायाला परदेशी तंत्रज्ञ नाकं मुरडतात म्हणे. पट्टी दाबून खाचेत बसवली, दोन्हीकडची कुलुपं टक् करून लागली आणि आठ जीबी परत आले. आजोबांनी "मग व्होल्टेज?" असं एकदा विचारून घेतलं. त्यांना नाही म्हणवलं नाही.

तरी थोडं अडकणं राहिलंच, आणि त्याचा गणिती हिशोब मला फार आवडतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चारेक मिलिसेकंद. सुई त्या वर्तुळापर्यंत सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे एक तुकडा शोधायलाच बारा-तेरा मिलिसेकंद. आणि सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला येतात अवघे १६.७ मिलिसेकंद. गेममधलं शहर एकदम मेमरीत मावत नाही. गाडी पुढे जाईल तसतसे रस्ते आणि इमारती डिस्कवरून आणाव्या लागतात. पायी चालणाऱ्याला ते वेळेवर मिळतात. गाडी पळवणारा शहर तयार होण्याआधीच तिथे पोचतो. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने हा प्रश्न बराचसा सुटतो. बहीण म्हणाली, दिवाळीनंतर बघू.

भाच्याचं समाधान होईना. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात आकडा लावून ठेवला होता, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा. आकडा पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ. "मामा, साठ दाखवतोय, तरी अडकतो. आकडा खोटा आहे का?" आकडा खोटा नव्हता, तो सरासरी बोलत होता. एकोणसाठ चित्रं पहिल्या अर्ध्या सेकंदात निघाली आणि साठाव्याने उरलेला अर्धा सेकंद खाल्ला, तरी हिशोब साठच. पेणहून निघालेली गाडी कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला वेळेवर पोचली तरी मधे माळावर उगाच थांबली असेल तर डब्यातला माणूस घरी सांगतो तो थांबाच. गेमची कार्डं तपासणारी मंडळी वर्षानुवर्षं सेकंदाची सरासरी छापत होती. २०११ साली स्कॉट वॉसन या अमेरिकन पत्रकाराने एका सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राला किती वेळ लागतो ते मोजायला घेतलं, आणि सरासरीत नावाजलेली काही कार्डं प्रत्यक्षात ठेचकाळतात हे आलेखावर दिसलं. सरासरीचा विषय रोह्याला तसा नवा नसावा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथल्याच घराण्यातले, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं. भाच्याला हे सांगितलं. त्याने विचारलं, त्यांच्याकडे कुठलं कार्ड होतं.

मग मी त्याला उतारा सुचवला: साठाचा हट्ट सोड, तीसवर ये. त्या गेममध्ये व्ही-सिंक नावाची सोय आहे, तिच्यात अर्ध्यावर ठेवण्याचा पर्याय असतो. पडदा सेकंदाला साठदा ताजा होतो, तेव्हा प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं. यंत्राला एका चित्रासाठी दुप्पट वेळ मिळतो आणि बारीकसारीक उशीर त्या मोकळ्या वेळात जिरून जातात. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांवर चालतो आणि आपण त्यावर रडतोही. हाच गेम २०१३ साली पहिल्यांदा प्लेस्टेशनवर आला तेव्हा तीसच्याच बेताने चालत होता. भाच्याने नाराजीने बदल केला, गाडी काढली, डोंगरावरून शहरात घातली आणि तीन चौक ओलांडून समुद्रापर्यंत नेली. मधे एकदाच किंचित अडकली. खांब सगळे उभे राहिले. आजोबा म्हणाले, "आता शिकला."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्याचे मित्र जमले होते आणि गेम पुन्हा अडकत होता. कोपऱ्यात आकडा होता साठ. मित्र गेल्यावर त्याने मुकाट्याने सेटिंग उघडून तीस केलं. मी विचारलं, हे काय?

"अरे मामा, ते आकडा बघायला येतात. गेम मी एकटा असताना खेळतो."