इवायांना माचा पाजण्यापूर्वी

माचा हा जपानी चहा मागवताना पत्त्यात चांदूरपुढे ‘रेल्वे’ हा शब्द ठळक लिहावा. नुसतं ‘चांदूर, जि. अमरावती’ लिहिलं तर पुडकं चांदूर बाजारला जाईल आणि तिथे ती हिरवी भुकटी होळीपर्यंत जपून ठेवली जाईल.

जपान आपल्या भागाला अगदीच परका नाही. जवळच्या मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी तिकडे जाऊन आले. चहाच्या बाबतीत मात्र आपण अजून पातेल्यात आलं ठेचून टाकतो आणि उतू जाईपर्यंत गप्पा मारतो. सदर मार्गदर्शन ही उणीव भरून काढण्यासाठी आहे.

लागवडीची हौस आधी फेडून घ्यावी. चहाच्या झाडाला साधारण ४.५ ते ५.५ सामूची, पाणी न साचणारी जमीन लागते. आपल्या काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास, आणि जी माती पावसाळ्यात माणसाची चप्पल सोडत नाही ती पाणी काय सोडणार? शिझुओकात वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या निम्मा पडला तरी पेपरात फोटो येतात. तिकडे वसंतारंभापासूनची ८८ वी रात्र, म्हणजे २ मेच्या सुमाराचा दिवस, पहिली कोवळी पानं खुडायला शुभ मानतात. त्या दिवशी चांदुरात भरदुपारी खुडायला कोण जाणार, हे ठरवून मगच रोपं आणावीत. ग्योकुरो हा पत्तीचा चहा आणि भुकटीचा माचा यांच्यासाठी खुडणीआधी सुमारे तीन आठवडे झाडं झाकून ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानातलं थिअनिन हे चवीचं द्रव्य टिकतं आणि चव कडवट न होता गोडसर, भरदार होते. शेडनेट आपल्याकडे आहेच. त्याखाली नेमकं काय लावलंय हे कृषी सहायकाला समजावण्याची तेवढी तयारी ठेवावी. एवढ्यानेही हौस फिटली नाही तर चिखलदऱ्याला जावं. तिथे निदान कॉफी तरी उगवते.

आता पाणी. बोअरच्या ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात सेंचाही, म्हणजे रोजचा जपानी हिरवा चहाही, खुलत नाही. आरओची कॅन आणावी. पाणी उकळावं आणि मग ते निवण्याची वाट पाहावी, हा या शास्त्राचा पाया. सेंचाला ७० ते ८० अंश पुरे, ग्योकुरोला ५० ते ६०. त्याहून गरम पाणी पानातला कडवटपणा ओढून काढतं. जपानी माणूस पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओततो. दर ओतण्याला दहाएक अंश उतरतात. आपण झालेला चहा बशीत निववतो, ते लोक चहा होण्याआधीच पाणी निववून घेतात. मे महिन्यात स्लॅबवरच्या काळ्या टाकीचं पाणी ग्योकुरोच्या बरंच जवळ पोचलेलं असतं. गॅस वाचवायचाच तर तेव्हा वाचवावा.

ग्योकुरोला दहा ग्रॅम पत्ती आणि ६० मिलिलिटर पाणी, दोन मिनिटं. यात तीन माणसांचं भागवायचं असतं. प्रत्येक कपात थोडं थोडं, आळीपाळीने, शेवटच्या थेंबापर्यंत ओतावं. तीच पत्ती दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही वापरतात. तिकडे हे जाणकारीचं लक्षण आहे. इकडे ते मोहल्ल्यात कळणार नाही इतकं दार लावून करावं.

माचा खास इवायांसाठी राखावा. दोन ग्रॅम भुकटी गाळून वाडग्यात घ्यावी, ७० मिलिलिटर पाणी घालावं आणि बांबूच्या बारीक घुसळणीने, चासेनने, फेस येईस्तोवर झपाझप ढवळावं. ताकाची रवी चालत नाही. सोळाव्या शतकातले चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या परंपरेत पाहुणा सव्वादोन फुटांच्या दारातून गुडघ्यांवर वाकून चहाच्या खोलीत येतो, सामुराई असला तर तलवार बाहेर ठेवून. लेकीच्या सासऱ्याला असं रांगत आत घेतलं तर पुढची दिवाळी कशी जाईल याचा विचार करावा आणि दार आहे तेवढंच ठेवावं. माचाआधी गोड मात्र जरूर द्यावं. जपानी मिठाईत बहुधा अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं पुरण असतं. तेव्हा घरात पुरणपोळी असेल तर परंपरा मोडली असं कोणी म्हणणार नाही.

पहिला घोट घेऊन इवाई विचारतील, “काहून वो, दूध नासलं काय?” यावर गप्प बसावं. “मंग काढा हाय काय कशाचा?” असं विचारलं तर हो म्हणावं. एइसाई या भिक्षूने १२११ साली चहावर पुस्तक लिहिलं तेव्हा तो औषध म्हणूनच सांगितला होता. इवाई आठशे वर्षं मागे असतील, चुकलेले नाहीत.

बाकी प्रकारांत फार वेळ घालवू नये. गेनमाइचात भाजलेला तांदूळ असतो. फुटलेले दाणे तरंगताना पाहून कोणी चिवडा मागितला तर द्यावा. चांदुरात टिकेल असा जपानी चहा आमच्या मते एकच, होजिचा. ही भाजलेली पत्ती आहे, तिला उकळतं पाणी चालतं, वाट पाहावी लागत नाही, आणि रंग तांबूस असल्यामुळे लांबून कोणाला संशय येत नाही.

राहता राहिली ग्योकुरोची वापरलेली पानं. ती इतकी कोवळी असतात की जपानात सोया सॉस घालून खातात. आपण ती पिळून, बारीक कांदा, मीठ, ठेचा आणि वरून जवसाचं तेल घालून ज्वारीच्या भाकरीसोबत वाढावीत. इवाई दुसऱ्यांदा मागतील. तेव्हा त्यांना हळूच सांगावं, की आणखी पाहिजे असतील तर आधी आणखी चहा प्यावा लागतो.