जालन्यात बसून अद्भुतपट काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

होतकरू दिग्दर्शकाने प्रथम जालना विसरावे. कथा बर्फाळ डोंगरात घडवावी, नायकाचे नाव घेताना जीभ अडखळावी, आणि काल्पनिक राज्याचा नकाशा इतका रेखीव काढावा की त्यावर मंठा, परतूर, घनसावंगी यांची सावलीही पडू नये. वाचनही त्याच बेताचे ठेवावे: टॉल्किनच्या तीन खंडांचा सारांश आणि पटकथालेखनावरचे एखादे इंग्रजी पुस्तक. अंबडची टेकडी माशाच्या आकाराची आणि तिच्यावर मत्स्योदरी देवी, हे लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे त्यात अद्भुत काही नाही असे धरून चालावे.

एवढे पाळूनही सिनेमा चांगला निघण्याचा धोका उरतो, आणि तो येतो शेजारच्या तालुक्यातून. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्यातला खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. सामग्री पाहावी तर एक राजा, एक प्रेत, एक झाड आणि काळोख. नियम मात्र कडक: प्रेतातल्या वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर डोक्याची शकले, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. सगळी गोष्ट उभी आहे ती या कात्रीवर. जादूने काय साधते हे प्रेक्षक दहा मिनिटांत विसरतो. तिला काय वर्ज्य आहे आणि तिची किंमत कोण मोजणार, यासाठी तो बसून राहतो.

अलीकडचे सिनेमे या मापाने मोजून पाहावेत. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हस्तर नावाच्या भुकेल्या दैवतापुढे कणकेची बाहुली टाकायची आणि तो गुंतला आहे तोवर त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. बाहुल्या वाढवल्या की हस्तरही वाढतात. हिशोब इतका चोख की २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावले. आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’त (२०२४) पिंपळावरचे ते पोर लग्नाच्या हट्टापलीकडे काही मागतच नाही, म्हणून ते हसवते आणि घाबरवतेही. उलट ‘ब्रह्मास्त्र’मध्ये (२०२२) नायकाला आग जाळतच नाही. मग इतक्या आगीत आपण नक्की कशाला घाबरायचे, हे तिकिटावर छापायला हवे होते.

यावर आक्षेप येईल की ‘बाहुबली’ला गर्दी झाली ती भव्यतेमुळेच. धबधबा भव्य होता, मान्य. पण २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षे देश ताटकळला तो कटप्पाने बाहुबलीला का मारले या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर धबधब्यात नव्हते. सिंहासनाला बांधलेल्या एका गुलामाच्या शपथेत होते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हे सारे पैसा नसलेल्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे. पैसा असता तर बरेच झाले असते, यात शंका नाही. पण ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’चा टीझर पाहून लोक हसले, तेव्हा जानेवारी २०२३ चे प्रदर्शन जूनवर ढकलून दृश्ये पुन्हा घासूनपुसून घेतली गेली, तरी हसू थांबले नाही. रामायणात वडिलांपासून वानरापर्यंत जो तो दिलेल्या शब्दात अडकलेला. तो शब्द सोडून राक्षसाच्या केशरचनेवर मेहनत घेतली, तर संगणकाने तरी काय करावे?

तरीही ज्याला अग्निलोक दाखवल्यावाचून झोप येत नाही, त्याने जालन्याच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या सळईच्या कारखान्यात परवानगी मागावी. भंगार वितळवणारी भट्टी आणि रोलिंग मिलमधून सळसळत येणारी लालभडक सळई यांना संगणकाची गरज नाही, आणि तिथल्या कामगाराला आग जाळते. हा नियम पटकथेत आयताच मिळतो.

राहिला निर्माता. तो मुंबईहून येईल, गोष्ट ऐकेल आणि विचारेल, यात ड्रॅगन किती? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलात तर डोक्याची शकले होतील. खरे बोललात तर तो रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने परत जाईल. त्याला आणायला पुन्हा मुंबईस जावे लागते, आणि असे पंचवीस वेळा करण्याची तयारी ठेवावी.