कापूस कुठे गेला?

आमच्या घरातल्या उशा दिवसेंदिवस रोडावत चालल्या आहेत आणि बाहुल्या बाळसं धरताहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, असा संशय फक्त आमच्या ह्यांना येतो. बाकीचे मुकाट्याने चपट्या उशीवर झोपतात.

लोक म्हणतात, तू बाहुल्या छान शिवतेस. शिवायचं काय त्यात? दुहेरी मांजरपाट घ्यावं, त्यावर पेन्सिलीने एक बाई काढावी, भरण्यापुरती जागा सोडून कडेने टीप मारावी. वळणावर शिवणीच्या पार जवळ जाऊन बारीक काप तेवढे द्यायचे, नाहीतर उलटवल्यावर बाई जन्मतःच सुरकुतलेली निघते. हात उलटवणं मात्र योगासनात जमा. करंगळीएवढी नळी, तिचं आतलं बाहेर काढायचं! परकराची नाडी ओवायची पिन त्यासाठीच असते. नाडी हा तिचा जोडधंदा. फक्त ऐन वेळी ती सासूबाईंच्या परकरात अर्ध्या वाटेवर असते आणि निम्म्यातून बाहेर यायला तयार नसते.

खरा कस भरण्यात. कापूस चिमटीचिमटीने घ्यायचा, पेन्सिलीच्या बोथट टोकाने आधी पंजात, पावलांत बसवायचा आणि मग पोटाकडे यायचं. घाईने मूठभर कोंबला, की मांडीत गाठी. या टप्प्यावर घरातलं प्रत्येक माणूस जाता-येता बाहुली दाबून मत देतं. भाजी निवडताना यातलं एकही फिरकत नाही. पण मानेपाशी आलं की सल्लागार पांगतात, कारण तिथे सगळ्यांचीच अक्कल संपते. डोकं गच्च आणि मान भुसभुशीत राहिली, की बाहुली कायम अपमान झाल्यासारखी खाली बघते. मग आइस्क्रीमची काडी आत सरकवायची. त्यासाठी सगळ्यांना आइस्क्रीम खावं लागतं. तेवढा त्याग आमचं घर करतं.

कापसाचेही स्वभाव असतात. साधा कापूस पहिल्या धुण्यातच गोळा होऊन एका कुशीला जातो. सावरीचा रेशमासारखा हलका आणि पाण्याला दाद न देणारा. तसल्याच कापसाने एकेकाळी बोटीवरची जीवरक्षक जाकिटं भरत. पण पंखा चालू असताना त्याची पिशवी उघडलीत, तर रात्रीच्या आमटीपर्यंत तो भेटत राहतो. हल्ली मिळतं ते फायबर सगळ्यांत शहाणं: धुवा, पिळा, पुन्हा फुगून तयार. ते विकत आणावं लागतं, हा त्याचा एकच दोष. उशी घरातच असते.

ह्यांचं म्हणणं, हे उशीचं प्रकरण जगात कुठे घडत नसेल. तसं नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेली रोमन काळातली एक बाहुली आहे, इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांमधली. अंग लिननचं आणि पोटात चिंध्या अन् पपायरसचे तुकडे. म्हणजे तेव्हाही कुणीतरी गृहस्थ ‘माझा हिशेबाचा कागद कुठाय?’ म्हणून घर डोक्यावर घेत असणार आणि कागद पोरीच्या कडेवर असणार.

चेहरा मी शेवटी करते. डोळ्यांचा टाका दोन धागे वर गेला की बाहुली भोळी, दोन धागे खाली आला की खाष्ट. भुवई किंचित चढली आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही तर आपली वन्संच!” तेव्हापासून ती बाहुली पाहुणे आले की कपाटात जाते.

परवा शेजारची चिमुरडी बाहुल्याची ऑर्डर घेऊन आली. बाहुली लग्नाची झालीय, स्थळ हवंय. झब्बा खणाचा, मिश्या काळ्या लोकरीच्या, सगळं ठरलं.

“आणि काकू, पोट बाबांसारखं हवं हं.”

बाबा दारातच उभे होते. श्वास आत ओढून म्हणाले, “वहिनी, कापूस जरा बेतानेच घाला.”