फ्रीजची पाठवणी

आमच्या घरी फ्रीज आला १९८७ साली. आला म्हणजे अगदी नव्या सुनेसारखा आला. आईनं त्याच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, बाबांनी नारळ फोडला आणि शेजारच्या काकू बर्फ बघायला येऊन गेल्या. त्याला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या जुडग्यात. आत काय, तर दूध, विरजण आणि अर्धं लिंबू. पण किल्लीचा रुबाब बँकेच्या लॉकरचा.

पुढं वर्षानुवर्षं दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडत गेली. मग एका मे महिन्यात मेकॅनिकनं निदान केलं, ‘कॉम्प्रेसर जॅम.’ नवा फ्रीज आला आणि जुना बाल्कनीत गेला. आमच्याकडं वस्तू कधी मरत नाही, तिची फक्त बदली होते. शर्टाचं पायपुसणं होतं, फ्रीजचं कपाट. आत कांदे, आकाशकंदील आणि ‘लागतील’ म्हणून जपलेल्या पिशव्या. डोक्यावर बंद पडलेला मिक्सर. त्याच्याबद्दल बाबांचं मत शेवटपर्यंत ठाम होतं, ‘फक्त कार्बन गेलाय.’

घराला रंग काढायची वेळ आली तेव्हा नाइलाजानं भंगारवाल्याला वर बोलावलं. त्यानं फ्रीजभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “काका, पैसे कॉम्प्रेसरचे. बाकी पत्रा.” मग पिशवीतून पक्कड काढून त्यानं मागची नळी धरली.

“अहो, त्यात गॅस असेल!”

“गॅस काय, हवाच ती. हवेत जाईल.”

आता हा गॅस साधासुधा नव्हता. त्या काळच्या फ्रीजमध्ये सीएफसी-१२ भरलेला असे. तो सुटला की शंभरेक वर्षं वातावरणात टिकतो, ओझोनचा थर कुरतडतो आणि वर उष्णताही अडवून धरतो. शे-दीडशे ग्रॅम गॅस म्हणजे एक-दीड टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापवणूक. गंमत म्हणजे हे वायू आवरायचा मॉन्ट्रियल करार झाला तोही १९८७ सालीच. तिकडं जग सह्या करत होतं, इकडं आई स्वस्तिक काढत होती.

भंगारवाल्याची चूक तरी कशी म्हणू? ज्याचे पैसे होतात ते तो काढतो. पुण्यातल्या कचरावेचकांच्या १९९३ साली स्थापन झालेल्या संघटनेचं नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. बाजारात जे विकलं जातं, ते त्या नावात आलं. गॅस विकत कोण घेणार? वायरी जाळतात त्या आतल्या तांब्यासाठी, धुराला गिऱ्हाईक नाही. जुन्या टीव्हीतलंही तांबं जातं, शिसं असलेली काच उकिरड्यावर राहते. विषाला भाव नाही, एवढंच सारं दुखणं.

त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि शोध सुरू केला. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार यंत्रं बनवणाऱ्यांवर त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे, आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. एका केंद्राला फोन लावून मुलगी बघायला आलेल्यांसारखे प्रश्न विचारले. नळी कापता की गॅस यंत्रानं ओढून सिलिंडरमध्ये भरता? पावती देता?

त्यांचा टेम्पो आला. पैसे भंगारवाल्यापेक्षा दोनशेनं कमी. मी कुरकुरलो, तशी आई म्हणाली, “पाठवणीत कुणी भाव करतं का?” तिनं फ्रीजच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि किल्ली मात्र जुडग्यातच ठेवली. ‘लागेल’ म्हणून.

यंत्र घरात येताना कुंकू, नारळ, फुलं. जाताना मात्र पक्कड. येत्या खंडेनवमीला पूजेसाठी यंत्रं पुसायला घ्याल, तेव्हा बाल्कनीत आणि माळ्यावरही एक नजर टाका. जे सुरू होणार नाही, त्याला योग्य दारी पोचवा, दोनशे रुपये कमी मिळाले तरी. आमच्या मिक्सरचं विचाराल, तर तो अजून आहे. त्याचा फक्त कार्बन गेलाय.