किल्ल्याला हळद

फ्रान्सच्या दक्षिणेला कार्कासोनचा किल्ला आहे. दुहेरी तटबंदी, बावन्न बुरूज आणि बुरुजांवर परीकथेतल्यासारखी टोकदार छपरं. २०१८च्या उन्हाळ्यात या किल्ल्याला हळद लागली. युनेस्कोच्या यादीत आल्याची विशी साजरी करायची होती. नाव यादीत आलं होतं १९९७ साली. वीस वर्षं मोजायला सरकारी खात्याला एकवीस लागली, हे वाचून मला फ्रेंच माणूस एकदम जवळचा वाटला.

पिवळं करण्याचं काम फेलिचे वारिनी या स्विस कलाकाराकडे होतं. त्यांनी तटावर, बुरुजांवर, जागा मिळेल तिथं अॅल्युमिनियमच्या पातळ, भडक पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. ओद दरवाजाच्या बाजूला एका नेमक्या ठिकाणी उभं राहिलं की सगळ्या पट्ट्या जुळून वर्तुळात वर्तुळं दिसायची, जणू ती हवेत तरंगताहेत. चार पावलं बाजूला सरकलं की भिंतीवर नुसते पिवळे फराटे. पर्यटक खूश, त्यांना फोटोपुरती जागा सापडली होती. बाराही महिने तिथं राहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र फराटेच.

गाव खवळलं. आमचा मध्ययुगीन वारसा विद्रूप केला म्हणून सह्यांची मोहीम निघाली. हंगाम संपला की पट्ट्या काढणार, असं उत्तर मिळालं. पट्ट्या निघाल्या, पण दगडावर काही ठिकाणी खुणा राहिल्याच. इथपर्यंत माझं मत गावकऱ्यांच्या बाजूनं. जुन्या दगडावर काहीही चिकटवताना ते निघेल कसं, हे आधी तपासायला कलेची पदवी लागत नाही.

पण ज्या मध्ययुगासाठी एवढा गहिवर आला, ते कुठलं?

१६५९च्या पिरेनीजच्या तहानं स्पेनची सरहद्द दूर गेली आणि किल्ल्याचं काम संपलं. तटाचे दगड घरं बांधायला जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारनं तटबंदी पाडायलाही काढली होती. स्थानिक इतिहासप्रेमी आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी आरडाओरडा केला म्हणून ती वाचली. मग १८५३ साली डागडुजीला हात घातला व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदानं. बुरुजांना त्यानं उंच, निमुळत्या, स्लेटच्या टोप्या घातल्या. स्लेट म्हणजे उत्तर फ्रान्सचं छप्पर. दक्षिणेतली घरं बसक्या उताराची, लाल कौलांची. टीका तेव्हाही झाली. त्याच्याकडे कारणं तयार होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. शिवाय इमारत पूर्वी कदाचित कधीच नव्हती इतकी पूर्ण करणं म्हणजे जीर्णोद्धार, असं मत त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. एवढा प्रामाणिक ठेकेदार आपल्याकडे गडाच्या पायऱ्या बांधायला मिळाला तर मी हार घालीन.

विसाव्या शतकात काही बुरुजांच्या टोप्या उतरवून कौलं घातली गेली. म्हणजे एकाच किल्ल्यावर आता दोन मध्ययुगं नांदतात आणि दोन्ही आधुनिक आहेत. पोस्टकार्डावर मात्र येतं ते स्लेटवालं. आणि 'वारसा' म्हणून युनेस्कोनं जे गौरवलं, त्यात या जीर्णोद्धाराचाही वाटा आहे. म्हणजे ज्या कामावर 'खोटं' म्हणून टीका झाली, तेच आता मानाचं कलम.

एप्रिल २०१९मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली आणि त्याचा मनोरा कोसळला. तोही याच व्हिओले-ल-द्यूकचा, एकोणिसाव्या शतकातला. त्या जागी आजच्या काळाची काही खूण असावी, असं आधी राष्ट्राध्यक्ष माक्राँना वाटत होतं. पुन्हा गदारोळ झाला. शेवटी मनोरा जसाच्या तसा उभा राहिला आणि २०२४च्या डिसेंबरात चर्चचं दार उघडलं. साडेआठशे वर्षांच्या चर्चवर दीडशे वर्षांपूर्वी चढवलेली भर पुन्हा चढवली गेली आणि तिलाच मूळ रूप म्हणत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

वारिनींना मुदत मिळाली फक्त एका उन्हाळ्याची. दीडशे वर्षं मिळाली असती, तर पिवळ्या पट्ट्या खरवडायला निघालेल्यांविरुद्धही त्याच गावात सह्यांची मोहीम निघाली असती.